कोरम

सकाळी कॉलेज रोडला फळ्यावर अमेरिका काढली:
पन्नास राज्यं, प्रत्येकी दोन सिनेटर,
राज्य थोरलं असो की चिमूटभर.
त्याखाली लिहिलं, फुकट्याचा प्रश्न.
मागच्या बाकावरून तेजल शिरसाठ म्हणाली,
मॅडम, सगळेच शहाणे निघाले तर करणार कोण?
मी म्हटलं, परीक्षेला येईल.

संध्याकाळी पाथर्डी फाटा. सोसायटीची सभा,
विषय एकच, जळालेली मोटर.
गंगापूर धरण तुडुंब, आमची टाकी कोरडी.
चोवीस फ्लॅट, चोवीस मतं.
गायधनींचं तळमजल्यावर भागतं,
पिंगळ्यांनी परस्पर टँकर सांगितलाय,
बाकीचे बाल्कनीतून बघताहेत
खाली कोण कोण आलंय.
मीही तिथूनच.

खुर्च्या मांडत होता सुरगाण्याचा सोमा गावित,
वॉचमन. सभासद नव्हे.
वीस मांडल्या, पुसल्या,
एकीवरही टेकला नाही.

गणपूर्ती नाही. सभा तहकूब.
नियम असा की अर्ध्या तासाने
तीच सभा त्याच जागी भरते,
तेव्हा कोरम लागत नाही.

एकोणतीस मिनिटं मोजली.
मग चप्पल शोधली.
जिन्यात वरून आणखी एक चप्पल वाजत होती,
थांबत, थांबत,
माझ्या मागे.