उलटा आटा

खोक्यावर लिहिलंय: माणसं दोन, मिनिटं नव्वद.
माणसं दोन आहेत खरी,
पण त्यातलं एक ऐंशीचं, दुसरीनं पान चार उलटं धरलेलं,
आणि तिमारूच्या बंदरावरून वारा असा सुटलाय
की वॉशरांच्या ताटलीत वीट ठेवावी लागली.

"कागद कशाला?" मर्डो मॅकअल्पिन म्हणणारच.
एकतीस वर्षं गावाच्या गॅस कंपनीत.
कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरताना टोपी काढायची
आणि उंबऱ्यावरच एक श्वास घ्यायचा, लांब.
"गळतंय. शेगडीमागे. खिडकी उघडा, बटणाला हात लावू नका."
बायका मागाहून म्हणायच्या,
काल आमच्याकडे काय शिजलं तेही त्याला कळतं.

ते नाक दोन हिवाळ्यांपूर्वी गेलं.
साधा ताप, आठ दिवसांचा.
ताप उतरला, आणि टोस्टचा कोळसा झाला
तरी बाबा शेजारीच उभे, पेपर वाचत.
आईचा निळा कार्डिगन कपाटात आहे अजून.
दार उघडतात, तोंड खुपसतात, दार लावतात.
मी विचारत नाही.

पाय लागले. चाकं लागली. फळी लागली, तिरकी.
एक स्क्रू उरला.
बाबांनी तो खिशात टाकला, कुणी पाहिलंच नाही असा.
मी पाहिलं.
सगळं पुन्हा उघडलं: बर्नरची पट्टी धरणारा होता तो.
नव्वद मिनिटं केव्हाच संपली होती.

"छपराखाली नको. भिंतीपासून चार पावलं."
मी चार टाकली.
"तुझी नव्हे, माझी."
रबरी नळी आगीखालून जाता कामा नये,
सिलिंडर उभा हवा, आडवा नाही, शेगडीच्या पोटाखाली तर नाहीच.
एवढं बोलून ते गप्प झाले,
कारण यापुढचं काम नाकाचं होतं.

मी वाकून नळीशी नाक नेलं.
कुजका कोबी नाही. फक्त खारट हवा, नव्या रंगाचा ओशट वास.
"काही नाही, बाबा."
"वारा आहे. आज तुझंही नाक खोटं बोलेल."
आत गेले. बाहेर आले ते एक वाटी घेऊन:
भांड्यांचा साबण, पाणी,
आणि पायवर अंडं फासायचा आईचा ब्रश.

जोडावर फेस लावला. सिलिंडर उघडला. बसलो.
एक बुडबुडा.
मोहरीएवढा, मग मुगाएवढा,
मग वाटाण्याएवढा, आणि त्यात आमचं अख्खं घर वाकडं.
"तिथे," बाबा म्हणाले.
तोच आवाज. टोपी काढलेल्या माणसाचा.
सिलिंडर बंद करून मी पाना उजवीकडे फिरवणार, तोच
"डावीकडे! गॅसचा आटा उलटा असतो.
सात वर्षांची होतीस तेव्हा सांगितलं होतं."

पुन्हा फेस. पुन्हा उघडला. पुन्हा बसलो.
या खेपेला काहीच फुगलं नाही.

"आधी झाकण वर. मग काडी.
झाकण लावून पेटवणारा एक गडी मी पाहिलाय.
नंतर तो कायम नवल वाटल्यासारखा दिसायचा.
भुवयाच नव्हत्या."
निळ्या ज्वाळांची रांग धरली.
सॉसेज, कांदा.
"वास कसा येतोय?" चिमटा हातात, नजर कांद्यावर.
मी म्हटलं, मघाशी उग्र होता. आता गोडसर. थांबा...
डाव्या कडेला करपट.
त्यांनी डावी कड उलटली, आणि मीटर वाचल्यासारखी मान हलवली.

जेवल्यावर सिलिंडर आधी बंद केला, बटणं मागाहून,
नळीतला गॅस जळून जाऊ दिला.
ज्वाळा आखडत आखडत गेल्या.

रात्री पाणी प्यायला उठले तर अंगणात टॉर्च.
पायजम्यावर कोट चढवलेले बाबा,
वाटी, ब्रश, सिलिंडर जरासा उघडलेला.
वाकून वाट पाहत होते.
जोडावरचा फेस चपटा, शांत.
तरी ते बराच वेळ तसेच.