आठ घड्यांची नोट

उथळसरला पिठाच्या गिरणीला लागून जो जिना आहे
त्याच्या खाली माझं टेबल.
बावीस वर्षं झाली.
कपडा हातात आला की आधी खिसा चाचपायचा,
हे आप्पांनी पहिलं शिकवलं,
इस्त्री धरायला नंतर.

काय काय निघायचं तेव्हा!
साबणात न्हाऊन आलेली, चष्मा तेवढा ओळखू येणारी दहाची नोट,
बसच्या तिकिटात गुंडाळलेले सुटे,
शाळेच्या चड्डीत गोट्यांच्या सोबतीला एक रुपया.
इस्त्री वरून गेली की तो असा तापायचा
की पोरगं परत घेताना या हातातून त्या हातात नाचवायचं.
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळं जमा, चिठ्ठीसकट:
मोडक, दुसरा मजला, सात रुपये.
सात रुपये द्यायला दोन जिने चढलो
म्हणून मोडकांनी लेकीचा शालू माझ्याकडे टाकला.
हा हिशेब आप्पांना येत होता,
मला उशिरा कळला.

आता खिसे रिकामे.
नुसते रिकामे नाहीत, शिवून टाकल्यासारखे.
डब्यात मी सुया ठेवतो.
भिंतीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलाय
आणि फळीवर ती बोलणारी पेटी.
पंचेचाळीस रुपये प्राप्त झाले.
गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून सांगते,
कुणी किती दिले ते अख्ख्या गल्लीला.

तक्रार नाही.
सुट्ट्यांवरून भांडणं संपली,
रुपयाऐवजी गोळी हातावर टेकवायचं पाप आता करत नाही,
पोरीची फी रात्री साडेअकराला पलंगावर बसून भरतो.
पेटीला नावं ठेवणारा मी कोण?

फक्त गेल्या शुक्रवारी
लाईट गेली, शुक्रवारी जाते तशी.
टेबलाखालची कोळशाची इस्त्री काढली
(भंगारवाला वजनावर मागत होता, दिली नव्हती).
कर्णिकांचा गठ्ठा. या खेपेला साहेब घेऊन आलेले,
वहिनींना न विचारता बहुधा.
जांभळी नारायणपेठ अंथरली
आणि काठापाशी इस्त्रीला खालून काही तरी अडलं.

फॉल चार बोटं उसवलेला.
आत पाचशेची, आठ घड्या घातलेली.
तिच्या पुढे अजून एक.
बोटांनी काठ चाचपत गेलो,
आंधळा वाचतो तसा.
अकरा.

किती दिवसांच्या असतील?
भाजीतून, दुधातून, भावाच्या ओवाळणीतून?
ज्या पैशाचा आवाज होत नाही
तो जमायला वेळ लागतो.

नोटा होत्या तिथेच राहू दिल्या.
समोरच्या ब्लाउजवालीकडून जांभळा दोरा आणला.
काय शिवताय, तिने विचारलं.
बटण, म्हटलं. दिवसातलं ते एकच खोटं.
डब्यातली सुई काढली, चार बोटं टीप घातली,
आणि काठावर, प्रत्येक फुगवट्याशी,
इस्त्री जरा उचलून धरली.

संध्याकाळी साहेब आले. चौकोनापुढे फोन धरला.
एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले.
"खिशात काही सापडलं का हो?" जाता जाता, सहज.
"खिशात? नाही."
साडीला खिसा नसतो.

मंगळवारी वहिनी स्वतः आल्या, दोन चादरी घेऊन.
चादरी मोजल्या, पुन्हा मोजल्या.
दोनच होत्या.
मग म्हणाल्या, "फॉलच्या शिलाईचे किती झाले?"
मी कोळसे हलवत राहिलो.
लाईट होती, तरी.

त्यांनी दहाचं नाणं टेबलावर ठेवलं
आणि जिन्याच्या सावलीतून निघून गेल्या.
पेटी काही बोलली नाही.
नाणं मीही लगेच उचललं नाही.
तापत राहिलं तिथेच.