पाच मतांचं घर

गुरुवारी रात्री, भांडी आवरल्यावर,
मी टेबलावर पाकिटं मांडते.
आमच्या लग्नातल्या आहेराचीच आहेत,
कुंकवाचं बोट न लागलेली, कोपऱ्यात बारीक क्रूस छापलेली.
भाडं. शाळा. बस. गावचं. देवाचं.
सहाव्यावर काही लिहिलेलं नाही.
ते रिकामंच असतं, तरी मांडते.

मे महिना. रुवीत रात्री दहालाही
खिडकीच्या काचेला हात लावू नये.
शमुवेलची साइट सोहारला हलली, ओव्हरटाइम बंद झाला,
हे वहीत एका ओळीत मावलं.

फोनवर दोन तऱ्हेची पत्रकं येतात सध्या.
एक हायपरमार्केटचं: तेल, कांदे, एकावर एक फुकट.
दुसरी गावाकडून, हात जोडलेली माणसं,
त्यांच्याकडेही बरंच काही फुकट.
मी हायपरमार्केटवर विश्वास ठेवते.
त्यांनी निदान ऑफर कधी संपते ते लिहिलेलं असतं.

मग राहुरीहून दाविद भाऊजींचा फोन.
वहिनी, काल रात्री आले होते. हातात यादी.
म्हणाले, तुमचं पाच मतांचं घर.
आईचं, माझं, शालिनीचं,
आणि तुमची दोन.
मी म्हटलं, ते दोघं मस्कतला असतात.
म्हणाले, असू दे की, यादीत आहेत ना.

आईंनी फोन ओढून घेतला.
मी नकोच म्हणत होते गं. उंबऱ्यावर ठेवून पळाले.
पाच हजार आहेत. बायबलात ठेवलेत,
दुसरं जाड पुस्तक कुठंय घरात.

माझे त्यातले एक हजार.
म्हणजे साडेचार रियाल.
अदिनाच्या बसचे आठ दिवस,
किंवा योएलच्या चष्म्याची एक काडी.
मत द्यायला जायचं तर जाऊन-येऊन एकशेतीस पडतात,
इथं बसल्या बसल्या विकलं गेलं तर साडेचार मिळतात.
दोनदा मांडून पाहिलं. उत्तर तेच.

शेवटचं मत मी दिलं लग्नाच्या चार दिवस आधी,
मुलींच्या शाळेत, मुंडावळ्यांची ऑर्डर देऊन येता येता.
फोटोत अंगठीच्या हाताचं बोट काळंजांभळं आलंय.
फोटोग्राफर म्हणाला, हे पुसता येईल का?
मी म्हटलं, राहू द्या.
तेव्हा मला राहू द्या म्हणणं परवडत होतं.

आता खरं सांगते.
गावच्या पाकिटात बावीस रियाल होते,
आईंच्या डोळ्यांच्या औषधाचे.
ते पाच हजार औषधाला लागले
तर हे बावीस इथंच राहतात.
मी ते सहाव्या पाकिटात सरकवले, नुसतं बघायला.
मार्चपासून पहिल्यांदा बेरीज जुळली.
इतकी सुबक जुळली की मला घाम आला,
एसी चालू असताना.

उद्या शुक्रवार, उपासना.
पाळकसाहेब बहुतेक विधवेच्या दोन टोल्यांवर बोलतील,
अर्पणाचा महिना आहे.
त्या बाईला कुणीच कसं विचारलं नाही,
पुढचा महिना कसा काढलास म्हणून?
मी विचारलं असतं. वही घेऊन तिच्याशेजारी बसले असते.

प्रार्थना केली. म्हणजे डोळे मिटून बसले,
आणि योएल फळा दिसत नाही म्हणून
शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवतो, ते दिसलं.

आईंना परत फोन लावला.
म्हटलं, औषध त्यातूनच आणा.
आणि मत ज्याला द्यायचं त्यालाच द्या.
त्या म्हणाल्या, ते तू मला शिकवणार होय?

मग वहीत, पेन्सिलीनं नाही, पेनानं लिहिलं:
उसने, बावीस रियाल.
कुणाचे, ते लिहायच्या जागी
रेघ ओढून ठेवलीय.