तक्रार: आवाज जास्त

कोपरखैरण्यात माझं दुकान आहे,
मिक्सर दुरुस्तीचं, सहा बाय आठ.
घरात मिक्सर नाही.
सुवर्णा चटणी खलबत्त्यात कुटते, तीही जिन्यात बसून,
खाली जुना टॉवेल घालून.
लोक हसतात.

वेदांग साडेसहा वर्षांचा.
त्याला दुधाची पिशवी कापताना येणारा आवाज टोचतो.
वाढदिवसाच्या टाळ्या टोचतात.
टोचतो, हा त्याचाच शब्द.
मॉलमध्ये हात वाळवायचं मशीन सुरू झालं
तेव्हा तो फरशीवर पालथा पडला, दोन्ही कान मुठीत,
आणि सिक्युरिटीवाला मला म्हणाला, एक ठेवून द्या की, साहेब.
मी ठेवून दिलीही होती,
त्या दिवशी नाही, आधी कधीतरी.
हे लिहायचं नव्हतं.

नेरूळला दुसऱ्या मजल्यावर कुरियन मॅडम.
खाली दाताचा दवाखाना,
त्याचं ड्रिल सुरू होईपर्यंत जिना चढून जायचं,
हे आम्ही तिसऱ्या दिवशी शिकलो.
मॅडम म्हणाल्या, हे संगीत चाळून घेतलंय,
जाड आवाज वर राहिले, बारीक तेवढे खाली आले.
अर्धा तास, दिवसातून दोनदा, दहा दिवस.
मी मनात हिशोब केला:
एका बैठकीला तीन आर्मेचर.
बरा होईल ना?
त्या म्हणाल्या, त्याला ताप नाही आलेला.
काय सोपं होतं ते बघू.
सगळ्यांचं होतंच, असं मी म्हणणार नाही.

घरच्या नोंदी ठेवा म्हणाल्या.
वही नव्हती, दुकानाचं बिलबुक होतं.
वस्तूच्या रकान्यात लिहिलं: कुकरची शिट्टी, शेजारची.
तक्रार: नाही. कान झाकले नाहीत.
दुसऱ्या दिवशी: तीच शिट्टी.
तक्रार: रडला, बाथरूममध्ये वीस मिनिटं.
हे फाडू का, असं सुवर्णाला विचारलं.
ती म्हणाली, खाली कार्बन आहे.

सहाव्या दिवशी मॅडमनी हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला.
तुम्ही पण ऐका बाबा, तो काय ऐकतो ते.
मी ऐकलं.
काहीच नव्हतं.
म्हटलं, बंद आहे वाटतं, वायर बघू का?
त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
चालू आहे, म्हणाल्या.
वेदांगने गादीवरून मान वर केली.
एका बोटाने हवेत छोटे छोटे ठिपके देत होता,
हेडफोनमधून निसटून बाहेर येणाऱ्या,
मला न ऐकू येणाऱ्या आवाजाला.

वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी.
पोती वाहून त्यांच्या मानेवर गाठ आली होती,
लहानपणी मी ती दाबून बघायचो, दुखतं का?
ते म्हणायचे, तिथलं आता काही कळत नाही.
अठरा वर्षं मी मिक्सर कानाशी धरून ऐकलेत,
बुश गेलाय की कार्बन.
माझीही तिथे गाठ झाली असणार.
आत, न दिसणारी.
आणि मी या पोराला सांगत होतो,
एवढं काय आहे त्यात,
मला तर काही होत नाही.

दहा दिवस संपले.
हात वाळवायचं मशीन अजून टोचतं.
टाळ्यांचं माहीत नाही, मधे कुणाचा वाढदिवस आला नाही.

सोमवारी दुकान बंद असतं.
तो माझ्याबरोबर आला, शटर अर्धं वर,
स्टुलावर बसून जारच्या झाकणावर बोट फिरवत राहिला.
दुरुस्त झालेला एक मिक्सर तपासायचा होता.
मी तो तसाच बाजूला सरकवला.
तो म्हणाला,
सांगून लाव.

एवढंच.
किंचाळला नाही, पळाला नाही,
सांगून लाव.
मी म्हटलं, आता लावतोय हं.
त्याने कान झाकले, नीट, घाई न करता,
टोपी घालावी तसे.
मग मान हलवली.

तीन सेकंद.
मी बंद केल्यावर त्याने विचारलं, तुला टोचलं?

बिलबुकात तारीख टाकली.
तक्रारीच्या रकान्याशी पेन बराच वेळ थांबलं.
पांढरी पावती मॅडमना दिली.
गुलाबी माझ्याकडे आहे.