इमानी खुर्ची

जॅक्सनव्हिल, नदीकाठचा स्टुडिओ, साल चौदा.
माझं काम मोडक्या नव्हे, मोडणाऱ्या खुर्च्या करणं.
पाय आतून निम्मा कापायचा, फटीत मेण भरायचं,
वरून रंग असा द्यायचा
की वाटावं, हिच्यावर हत्ती बसेल.
फ्लोरिडाच्या दमट उन्हात मेण सुटायचं;
दोनदा तर खुर्ची कुणी न बसताच बसली.

एरवी बसायचा लेमुएल पिकेट.
ताठ, टोपी मांडीवर,
मुलगी मागायला आल्यासारखा.
मग कड्‌कन्.
टोपी उडून थेट खुंटीवर
आणि हा जमिनीवर, तस्साच ताठ,
मांडीवर नसलेली टोपी
दोन्ही हातांनी सांभाळत.
आवाज पडद्यावर जाणारच नव्हता,
तरी मी ते ‘कड्‌कन्’ नीट जुळवून घ्यायचो.

त्याच्या लग्नात ओकची खुर्ची दिली.
खरी. चारही पाय इमानी.
तो तिच्याभोवती दोनदा फिरला,
वाकून खाली पाहिलं,
बोटानं ढकललं,
माझ्याकडे पाहिलं.
नवरी, पाद्री, केक हातात धरलेली मावशी,
सगळे थांबलेले.
टेकला. इंचभर. आणखी इंचभर.
खुर्ची गप्प.

नसलेल्या पायरीवर पाय टाकावा
तसा त्याचा चेहरा झाला,
आणि मावशी हसता हसता
केकसकट खाली.

कॅमेरा कुणीच आणला नव्हता.

खुर्ची अजून आहे म्हणे.
त्याची बायको सांगते, हा जेवतो उभ्यानं,
खुर्चीवर टोपी बसते.