किरमिजी

अक्कलकोट रोडवरून फोन : "कॉम्प्युटर धापा टाकालाय, या की ओ."
सोलापूर, एप्रिल, दुपारचे दोन.
डबा उघडला.
पंख्यावर बोटभर तंतूंचा थर,
वर पांढरा, मध्ये हिरवा,
तळाशी किरमिजी.
नरसय्या गड्डम चष्मा सरकवून वाकले :
"हे विजापूरच्या लॉजचे टॉवेल. लॉकडाऊनच्या आधीचे."

ब्लोअर मारला.
टॅली उघडली, जीएसटी जागेवर.
पगाराच्या यादीत मात्र अठ्ठावीस नावं
आणि शेडमध्ये खडखडणारे माग चार.
"जुनी काढू का? मशीन हलकं होईल."
ते तेलुगूत काहीतरी पुटपुटले,
मला नव्हे.
मग म्हणाले, "राहू द्या.
बॅकअप घ्या.
दोन घ्या."

तीनशे रुपये, वर चहा.
घरी शर्ट झटकला,
बाहीवरचं किरमिजी
निघेना.