उशिराचं तेल

सुईच्या टोकावर मावेल एवढंच
बाबांचं यंदाचं पीक मी यंत्रात सोडते.
तुरिनची प्रयोगशाळा, तिसरा मजला, खिडकीत
मोनविझो, डोक्यावर जुनाच बर्फ.
केसाहून जरा जाड, तीस मीटर लांब नळी
वेटोळं घालून बसलेली.
तिच्यातून सगळे एकदम धावत सुटतात
आणि जो तो आपापल्या वेळेला पोचतो.

आधी लिमोनीन, लिंबाची साल नखाने खरवडावी तसं.
मागोमाग सिनिओल, निलगिरीचा वास अंगाला लावून.
मग मेंथोन. कोवळ्या पानात हेच भरलेलं असतं,
पान जून होत जातं तसतसं
याचंच मेंथॉल होतं.
बाबांना यातलं एकही नाव ठाऊक नाही.
ते पान चुरगळतात, हुंगतात, म्हणतात,
"अजून चार दिवस."
चाळीस वर्षांत चाराचे कधी पाच झाले नाहीत.

यंदा झाले पंधरा.

आलेखावर एक सुळका उभा राहिला, नको तेवढा उंच:
मेंथोफ्युरान. नऊ टक्के.
पेपरमिंटला फुलू दिलं की हे वाढतं,
तेलाला करपट, उग्र झाक येते.
पांकालिएरीच्या शेतात जांभळे तुरे डोलत होते तेव्हा
बाबा कार्मान्योलाच्या इस्पितळात
प्लास्टिकच्या खुर्चीत होते,
बुटांना पो नदीकाठची माती, वाळून पांढरी झालेली.

आत आई. ताप एकोणचाळीसवर, पोटात ढवळून येत होतं.
गेल्या वर्षीच्या तेलाचा एक थेंब
रुमालावर टाकून मी तिच्या नाकाशी धरला.
नर्स फिओरेन्झा म्हणाली, "धरा.
पुरावा तसा बेताचाच आहे, पण धरा."
आई डोळे मिटून म्हणाली, "गार वाटतंय."
तापमापी एकोणचाळीसच दाखवत होती.

मला काय ते ठाऊक नव्हतं? पोरांना शिकवते मी हे.
मेंथॉल काहीच गार करत नाही.
कातडीखाली एक कवाड आहे, थंडी आली की उघडणारं;
मेंथॉलला त्याची कडी सापडलेली आहे.
बाहेर चिटपाखरू नसताना
आतले लोक ओरडतात, आली, आली.
फसवणूकच ही.
पण त्या रात्री आई दोन तास झोपली,
आणि ती झोप काही खोटी नव्हती.

आतड्याचा पीळही हे तेल सोडवतं.
कॅल्शियमची आत शिरायची वाट अडवतं,
आणि स्नायू सैल पडतो, आवळलेली मूठ उघडावी तसा.
म्हणून तर कॅप्सुलीला कवच, जठर ओलांडेपर्यंत टिकणारं.
तान्ह्याच्या नाकाशी मात्र न्यायचं नाही,
श्वास अडकतो.
प्रत्येक मात्रेला एक 'मात्र' असतोच.

तिसऱ्या रात्री बाबा अचानक म्हणाले,
"आपल्या झाडाला बी धरत नाही, माहीत आहे ना?
दोन पुदिन्यांच्या लग्नातलं हे लेकरू, वंश नसलेलं.
जमिनीखालून दोरे सोडतं, तेवढंच.
म्हणजे माझ्या आज्याने लावलं ते
मेलेलंच नाही अजून. नुसतं सरकत आलंय."
मग बराच वेळ कॉफीच्या यंत्राकडे बघत बसले.
नाणं टाकलं नाही.

मेंथॉल एकेचाळीस टक्के, ते चांगलंच आहे.
तरी व्यापारी हे पिंप परत पाठवेल.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिते, 'कापणी उशिरा',
आणि खाली सही करते,
आडनाव तेच असल्यामुळे जरा गिचमिड.

रविवारी घरी गेले. आई ओट्याशी, अंगावर बाबांचा स्वेटर.
बाटलीचं बूच काढून तिने एकदाच हुंगलं.
यंत्राला चाळीस मिनिटं लागली होती.
"फुलावर कापलंस, सेकोंदिनो."
बाबा पाव कापत राहिले,
सगळ्या चकत्या वेगवेगळ्या जाडीच्या.
"विकू नका हे," आई म्हणाली,
"माझ्या गुडघ्यांना होईल."